बागुलबुवा नेमका कोण? मुलांना दाखवल्या जाणाऱ्या भीतीविषयी

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

नमस्कार. प्राथमिक शाळेत 30 वर्षे शिकवून मी निवृत्त झाले असून आता दिवसातला बराचसा वेळ साडेचार वर्षांच्या नातीबरोबर जातो. मार्गशीर्षात घडलेला एक प्रसंग मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

सकाळी सातच्या सुमारास आमच्या पेठेत वासुदेव आले. मोरपिसांची उंच टोपी, पायघोळ अंगरखा, हातांत टाळ आणि चिपळ्या, काखेला झोळी. नात उंबऱ्यावर बसून दूध पीत होती. वासुदेवांची झोळी दिसताच तिच्या हातातून पेला सुटला, आणि ती किंचाळत आत पळाली ती थेट कॉटखाली शिरली. मी ओणवी होऊन तिला बाहेर काढू लागले, तेव्हा कॉटचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून ती एवढेच म्हणत होती, ‘‘आजी, मी जेवते. मी सगळं जेवते. त्यांना सांग.’’

आदल्या रात्री ती जेवत नव्हती म्हणून ‘झोळीवाला येईल आणि तुला झोळीत घालून नेईल’ असे मीच तिला सांगितले होते. मनात काही वाईट हेतू नव्हता. माझ्या आईने मला आणि मी माझ्या मुलांना जे सांगितले, तेच सवयीने तोंडातून निघाले होते.

बाहेर वासुदेवांनी गाणे थांबवले होते. त्यांनी टोपी काढून पायरीच्या कडेला ठेवली, दारापासून चार पावले लांब जाऊन ते उकिडवे बसले आणि त्यांनी आपली झोळी जमिनीवर पालथी केली. थोडी ज्वारी, त्यात मिसळलेले तांदूळ, कागदात गुंडाळलेली अर्धी भाकरी आणि दोन-तीन नाणी, एवढेच त्यातून निघाले. ‘‘बघ गं आई, ह्यात जोंधळंच हायती,’’ असे ते आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले. मग मातीत मिसळलेले धान्य त्यांनी वेचून पुन्हा झोळीत भरले. मी सुपात नवे धान्य घेऊन गेले, तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘‘पोरीला कुणी भ्या दावलंय?’’ मला उत्तर देता आले नाही.

तेव्हापासून मी विचार करते आहे. माझ्या आजीच्या तोंडचा बागुलबुवा माजघरातल्या रांजणामागच्या अंधारात राहायचा, त्याला नाक-डोळे नव्हते आणि तो दिवसाउजेडी रस्त्यात भेटण्याची शक्यताच नव्हती. मी नातीला दाखवलेल्या बागुलबुवाला मात्र झोळी आहे, आवाज आहे आणि तो सकाळी आमच्याच दारात येऊन उभा राहतो. हा बदल कधी झाला असावा? सातारा-सांगलीकडच्या घराघरांत मुलांना कोणाची भीती दाखवत असत, ती कशासाठी दाखवत असत आणि पुढे त्या भीतीचे काय झाले, हे आपण लिहावे, अशी विनंती आहे.

---

कृष्णाकाठ (भिलवडीजवळ, जि. सांगली)

ताई, प्रसंग वाचून फार वाईट वाटले. तरीही लहानपणी घातलेली प्रत्येक भीती चुकीची असते असे मला म्हणता येणार नाही, कारण मी स्वतः एका भीतीमुळे जिवंत राहिलो, असे मी मानतो.

आमच्या मळ्याखाली नदीला डोह आहे. काठावर शेंदूर लावलेले सात दगड एका ओळीत मांडलेले असत आणि त्यांच्यापुढे वाळलेल्या हळदकुंकवाचा थर जमलेला असे. त्या साती आसरा. अप्सरा या शब्दापासूनच आसरा हा शब्द आला. आजोबा सांगत, की आसरा एकट्या पोराला नावाने हाक मारतात आणि त्याने ‘ओ’ दिली की त्याला पाण्यात ओढून घेतात. बरोबर मोठे माणूस असले, की त्या वर येत नाहीत. भर दुपारी डोहावर जायचे नाही, आषाढात नदीला नवे लाल पाणी आले की तिकडे पाऊलही टाकायचे नाही, कारण त्या दिवसांत आसरा न्हायला येतात, असे नियम आम्हाला पाठ होते.

मोठेपणी या नियमांचा उलगडा झाला. भर दुपारी काठावर चिटपाखरू नसते, त्यामुळे पोर बुडाले तरी ओरडणे कोणाला ऐकू जात नाही. नव्या पाण्याला ओढ किती असते हे नदीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. शिवाय आमच्या पट्ट्यात मगरी आहेत. मगरीची मादी उन्हाळ्यात काठाच्या मातीत अंडी घालून त्यांची राखण करते आणि नेमके त्याच दिवसांत मुलांना सुट्टी लागून ती पोहायला नदीवर धावतात. या भागात मगरीने माणसांवर आणि मुलांवर हल्ले केल्याच्या बातम्या अनेकदा येऊन गेल्या आहेत. सात वर्षांच्या मुलाला पाण्याची ओढ आणि मगरीची वीण समजावून सांगत बसण्यापेक्षा आजोबांनी आम्हाला सात बायकांची नावे सांगितली, आणि आम्ही डोहापासून लांब राहिलो. मला वाटते, ती भीती एका जागेची होती. ती कोणा माणसाची नव्हती.

---

शब्दांच्या मागावर (कराड)

धागालेखिकेच्या एका विधानाशी मी नम्रपणे असहमत आहे. जुना बागुलबुवा बिनचेहऱ्याचा होता, असे आपल्याला आज वाटते. मात्र त्याचा चेहरा त्याच्या नावातच आहे. ‘बागुल’ म्हणजे मुलांना भिववण्यासाठी कल्पिलेले काहीतरी, हे खरे, परंतु ‘बुवा’ म्हणजे कोण? गोसावी, बैरागी, कीर्तनकार, मठातला माणूस यांना आपण बुवा म्हणतो. जटा, भस्म, झोळी आणि अनोळखी आवाज घेऊन दारात येणारा माणूस आपल्या आज्यांच्याही डोळ्यांसमोर असलाच पाहिजे. ‘एवढा बाऊ करू नकोस’ असे म्हणताना आपण ज्या ‘बाऊ’चा उल्लेख करतो, तोही मुलांना दाखवायचाच आहे.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जत आणि मिरजेच्या बाजूला, घराघरांत कानडी बोलली जाते. कानडीत या बागुलबुवाला ‘गुम्मा’ म्हणतात. 16व्या शतकातील पुरंदरदासांच्या एका प्रसिद्ध पदात बाळकृष्ण यशोदेची विनवणी करतो, की मी शहाण्यासारखा वागेन, पण गुम्माला बोलावू नकोस. आपल्या नातीचे ‘मी सगळं जेवते’ हे वाक्य वाचताच मला ते पद आठवले. 400 वर्षांहून अधिक काळ मुले त्याच शब्दांत विनवणी करत आहेत. तमिळमध्ये पूच्चांडी आहे, बंगालीत जुजू आहे, आणि दूर स्पेनमध्ये तर पाठीवर पोते घेऊन मुलांना नेणारा माणूस आहे, म्हणजे आपला झोळीवालाच.

आता एक गोष्ट सांगतो, ती सातारकरांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. बंगालमध्ये आजही आया एक अंगाई म्हणतात. तिचा आशय असा, की बाळ झोपले, आळी शांत झाली, देशात ‘बर्गी’ आले. पाखरांनी भात खाऊन टाकले, आता शेतसारा कसा भरायचा? हे बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावर चाकरी करणारे मराठा स्वार. नागपूरच्या रघुजी भोसल्यांच्या फौजांनी 1742 ते 1751 या काळात बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या, गावे लुटली आणि जाळली, आणि त्या काळात, 1749 मध्ये शाहू छत्रपतींचे निधन होईपर्यंत, मराठी राज्याची गादी सांभाळणारे छत्रपती साताऱ्यातच होते. ज्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी ऐकत आपण मोठे झालो, ते दुसऱ्या कोणाच्या तरी पाळण्याशेजारचे बागुलबुवा आहेत. मला ही माहिती पहिल्यांदा कळली, तेव्हा कितीतरी दिवस मी अस्वस्थ होतो. ज्याला भयाने पाहिले जाते त्याच्या घरीही अंगाई म्हटली जात असते, हे तोपर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते.

---

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

‘बुवा’ या शब्दाकडे मी आयुष्यभर पाहत आले आणि तो कधी दिसलाच नाही. आपले म्हणणे मला पटले आहे. आजीच्या बागुलबुवाला चेहरा नव्हता हे मी मागे घेते. कृष्णाकाठ यांनी जागेची भीती आणि माणसाची भीती असा जो फरक केला आहे, त्यावर मला अधिक वाचायला आवडेल. नात त्या दिवसापासून रात्री दचकून उठते. कोणी याविषयीही सांगू शकेल का?

---

बालरोग-मिरज

मी मिरजेत लहान मुलांचा डॉक्टर आहे, त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

मूल रात्री किंचाळून उठते तेव्हा दोन वेगवेगळ्या गोष्टी घडत असू शकतात. झोप लागल्यावर पहिल्या एक-दोन तासांतच मूल उठून बसले, डोळे उघडे असूनही आईला ओळखत नसले, घामाने भिजून ओरडत असले आणि सकाळी त्याला त्यातले काहीच आठवत नसले, तर ते गाढ झोपेतून अर्धवट जागे झालेले असते. अशा मुलाला हलवून जागे करू नये. त्याला लागणार नाही एवढी काळजी घेऊन जवळ बसावे, ते आपोआप पुन्हा झोपते. पहाटेकडे उठून, पूर्ण जागे होऊन ‘झोळीवाला आला होता’ असे सांगत असले, तर ते वाईट स्वप्न होय. तेव्हा त्याला कुशीत घ्यावे आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. पहिल्या प्रकारात मुलाच्या उघड्या डोळ्यांची नजर पाहून घरातली माणसे फार घाबरतात, बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे सुरू होतात आणि मुलाची उरलीसुरली झोपही जाते. बहुतेक मुलांमध्ये वाढत्या वयाबरोबर हा त्रास थांबतो. वारंवार होत असल्यास जवळच्या डॉक्टरांना दाखवावे.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंधाराची आणि न दिसणाऱ्या प्राण्यांची भीती वाटणे अगदी स्वाभाविक आहे. या वयात कल्पना आणि वास्तव यांच्यामधली भिंत पक्की झालेली नसते. आपण ‘गंमत म्हणून’ सांगितलेले मूल शब्दशः खरे मानते.

आता माझी स्वतःची तळमळ. आमच्या व्यवसायाचाही बागुलबुवा झाला आहे. ‘गप बस, नाहीतर डॉक्टरांना सुई टोचायला सांगीन,’ हे वाक्य मी दिवसातून कितीतरी वेळा ऐकतो, तेही माझ्यासमोर. ज्या माणसाकडे दुखले-खुपले सांगायचे त्याचीच मुलाला धास्ती बसते. कान दुखत असूनही, सुई टोचतील म्हणून चार दिवस गप्प राहिलेली मुलगी माझ्याकडे आली होती. तोपर्यंत कानातून पू येऊ लागला होता.

---

गच्चीवरची रात्र (वाई)

सर्वांचा आदर राखून मी दुसरी बाजू मांडतो. भुताच्या गोष्टींशिवायचे बालपण मला कल्पनेतही नको वाटते.

मे महिन्यात आम्ही दहा-बारा भावंडे वाईला जमत असू. रात्री गच्चीवर वाकळा अंथरल्या, की काका गोष्ट सुरू करत. मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी मेलेल्या मुलाचा मुंज्या पिंपळावर कसा बसतो, अमावास्येच्या रात्री वेताळाची पालखी दिवट्यांसह शिवेवरून कशी जाते, हडळीची पावले उलटी कशी असतात, हे सगळे आम्ही श्वास रोखून ऐकत असू. भीती वाटली, की शेजारच्या भावंडाच्या अंगाला चिकटायचे. त्या चिकटण्यातच निम्मी गोष्ट होती. काका कधीही कोणाला एकटे झोपू देत नसत, आणि शेवटी ‘भीमरूपी’ म्हणायला लावत. ‘भूतप्रेत समंधादी’ या ओळीला सगळ्यांचा आवाज एकदम चढत असे. समर्थांनी स्थापलेल्या 11 मारुतींतले बहुतेक आपल्याच दोन जिल्ह्यांत आहेत, त्यामुळे भूतही आपले आणि त्यावरचा उताराही आपला, असे आम्हाला वाटे.

चकव्याची गोष्ट काका विशेष रंगवून सांगत. रात्री माळावरून निघालेला माणूस चालून चालून थकतो आणि पहाटे पाहतो तर पुन्हा त्याच बांधावर उभा! चकवा लागला तर काय करायचे, हेही ते सांगत: चालायचे नाही, आहे तिथेच बसायचे, तांबडे फुटेपर्यंत उठायचे नाही. पुढे वाचनात आले, की जर्मनीतील संशोधकांनी 2009 मध्ये माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ रेषेत चालायला सांगून पाहिले, तेव्हा सूर्य किंवा चंद्र दिसत नसला, की माणसे नकळत गोल फिरून स्वतःच्याच वाटेवर येतात, असे आढळले. म्हणजे चकवा खराच आहे. त्याला भुताची गरज नाही, एवढेच. आणि काकांचा सल्ला तर शंभर टक्के बरोबर होता.

माझे म्हणणे असे, की गोष्ट ही वेगळी आणि धमकी ही वेगळी. गोष्टीतले भूत सगळ्यांच्या मध्ये बसून ऐकायचे असते आणि त्याला शेवट असतो. ‘जेवली नाहीस तर झोळीवाला नेईल’ ही गोष्टच नव्हे. त्यात ना सुरुवात आहे ना शेवट. मुलगी ऐकते आणि वाट पाहत बसते.

---

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

डॉक्टर, ती पहाटेच उठते आणि सगळे सांगते. म्हणजे आपण म्हणता ते दुसऱ्या प्रकारचे आहे. आता तिला कुशीत घेऊन ऐकत राहीन.

गच्चीवरची रात्र, आपला फरक मला मान्य आहे. मात्र हडळीविषयी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, असे आम्हाला सांगत. माझी एक मोठी आत्या बाळंतपणात गेली, त्या काळी जवळ दवाखाना नव्हता. घरात तिचा फोटो नव्हता, तिचे नाव कोणी घेत नसे, आणि आम्ही मुली तिच्या खोलीत जायला घाबरत असू. ती 19 वर्षांची होती. मी तिच्यासाठी कधी रडले नाही, मी तिला फक्त घाबरले, याचे मला आज या वयात वाईट वाटते. आपल्या भुतांची यादी पाहिली, तर त्यांत अडलेली बाळंतीण आहे, मुंज होऊन मेलेला पोरगा आहे, परधर्माचा म्हणून खवीस आहे. ज्यांच्याविषयी जिवंतपणी बोलायला हवे होते, त्यांची आपण भुते केली.

---

माणदेशी (जत तालुका)

इतके दिवस मी हा धागा नुसता वाचत होतो. आज लिहितो, कारण विषय आमच्या तालुक्यापर्यंत येऊन पोहोचला आहे.

13 सप्टेंबर 2022 रोजी आमच्या जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातील चार साधूंना जमावाने काठ्यांनी आणि पट्ट्यांनी मारले. विजापूरकडून पंढरपूरला निघालेल्या त्या साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला होता. मुले पळवणारे आले, असा संशय पसरला आणि पुढचे सगळे घडले. ते जिवंत राहिले, हे त्यांचे आणि आमचेही नशीब. त्याआधी 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना अशाच संशयावरून जमावाने ठार मारले. त्यांतले बहुतेक जण आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले होते. भिक्षा मागायला गेलेली माणसे होती ती.

त्या वेळी सगळ्यांनी मोबाइलवरच्या संदेशांना दोष दिला, आणि तो दोष खराच आहे. अफवा काही मिनिटांत तालुकाभर फिरत होती. पण मी स्वतःला विचारले, की तो संदेश मलाही क्षणभर खरा का वाटला? भुतावर माझा विश्वास नाही, मुंज्याच्या नावाने मला कोणी संदेश पाठवला असता तर मी तो वाचलाही नसता. झोळीवाला मात्र मला खरा वाटला. तो माझ्या ओळखीचाच होता. आईने मला तो मी तीन वर्षांचा असतानाच दाखवून ठेवला होता. शेंदराचे सात दगड कोणी फोडले, तरी आसरांना काही होत नाही. पण झोळीवाल्याला हाडे-मांस आहे, त्याला काठी लागते.

मारणारे सगळे मोठे होते, कमावते होते आणि आपापल्या मुलांच्या काळजीने धावले होते, हे मला सगळ्यात भयंकर वाटते.

---

कृष्णाकाठ (भिलवडीजवळ, जि. सांगली)

माणदेशी यांचे लिहिणे वाचून मला माझ्या पहिल्या प्रतिसादात थोडी भर घालावीशी वाटते. मी आसरांचे फार कौतुक केले, परंतु त्या भीतीने माझे नुकसानही केले आहे. मी कृष्णेच्या काठावर वाढलो आणि पोहायला शिकलो नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आईला घेऊन नावेतून घराबाहेर पडताना माझे दोन्ही हात नावेच्या कडेला असे घट्ट बसले होते, की पलीकडे पोहोचल्यावर ते सोडवायला दुसऱ्या माणसाला मदत करावी लागली. आई वरून शांत होती, तिला पोहता येत होते. आता माझ्या मुलाला मी डोहावर एकटा जाऊ देत नाही, पण आसरांचे नाव घेत नाही. मगर कुठे ऊन खात बसते ती जागा त्याला लांबून दाखवली आहे. दर उन्हाळ्यात त्याला तालुक्याच्या जलतरण तलावावर नेतो. सात दगड पुरात वाहून गेले होते. पुढच्या वर्षी आईने नवे सात आणून मांडले, आणि मी तिला अडवले नाही.

---

पालावरची लेक (सातारा जिल्हा)

मी या ठिकाणी पहिल्यांदाच लिहीत आहे. माझे आजोबा आणि वडील भिक्षेकरी होते. मी शिकले, आता नोकरी करते, आमचे पक्के घर आहे. लहानपण मात्र गावाबाहेरच्या पालात गेले. आमची जात कोणती ते सांगत नाही, कारण इथे कोणतीही सांगितली तरी चालेल.

वडील सकाळी झोळी घेऊन निघत. गावातली मुले त्यांना पाहून पळतात, हे त्यांना माहीत होते. काही दारांत आया त्यांच्याकडे बोट दाखवून मुलाला म्हणत, ‘‘देऊ का याला?’’ आणि वडिलांनी डोळे वटारावेत अशी खूण करत. वडिलांनी डोळे वटारले, तर मूल जेवायचे आणि वडिलांना भाकरी मिळायची. ते डोळे वटारत असत. संध्याकाळी पालावर येऊन ते आम्हाला मांडीवर घेत, तेव्हा बराच वेळ काही बोलत नसत.

या धाग्यावर सगळ्यांनी आपापल्या घरी कोणाची भीती दाखवत ते लिहिले आहे, म्हणून मीही लिहिते. आमच्या पालावर रात्री मूल रडू लागले, की आई त्याच्या तोंडावर हात ठेवून म्हणायची, ‘‘गप, गाववाले येतील.’’

---

गच्चीवरची रात्र (वाई)

ताई, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझ्या गच्चीवरच्या गोष्टींत एक भिक्षेकरी होता. काका त्याचा आवाज काढून दाखवत आणि आम्ही सगळे ओरडत असू. ती गोष्ट मी माझ्या मुलांनाही सांगितली आहे. यापुढे सांगणार नाही. मुंज्या आणि चकवा सांगत राहीन.

---

बालरोग-मिरज

धागालेखिकेला एक सुचवतो. नातीची समजूत घालताना ‘झोळीवाला नसतोच’ असे सांगू नका, कारण तिने तो डोळ्यांनी पाहिला आहे. ‘मी तुला खोटे सांगितले होते, ती माझी चूक झाली’ असे सरळ सांगा. आजी चुकू शकते, हे ऐकून मुले बिघडत नाहीत. आणि तिला जबरदस्तीने त्यांच्यासमोर उभे करू नका. लांबून, खिडकीतून, आपल्या मांडीवर बसून तिला पाहू द्या. किती जवळ जायचे ते तिचे तिला ठरवू द्या.

---

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

पालावरची लेक, आपल्या वडिलांच्या वयाच्या एका माणसाची मी क्षमा मागायची राहिले होते. ती आता मागितली, ते सांगण्यासाठी लिहिते आहे.

डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे मी नातीला सांगितले, की आजी खोटे बोलली. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘मग तू जेवली नाहीस तर तुला कोण नेतं?’’ कोणीच नेत नाही, असे मी म्हणाले. ‘‘मलापण नाही?’’ तुलापण नाही. ती उठून खेळायला गेली. एवढ्याने तिची भीती गेली असे मला वाटले होते, पण तसे झाले नाही. त्या रात्रीही ती पहाटे उठली.

काल सकाळी वासुदेव पुन्हा आले. लांबून टाळांचा आवाज येताच नात माझ्या पदराला धरून आत निघाली, आणि मी तिला अडवले नाही. आम्ही दोघी खिडकीशी, पडद्याच्या आड बसलो. मी तिला तिथेच ठेवून सूप घेऊन बाहेर गेले आणि त्यांना सांगितले, की त्या दिवशी तुम्ही विचारले होते, पोरीला भ्या कोणी दाखवले. ते मीच दाखवले होते. माझे चुकले. त्यांनी मान हलवली. ‘‘असू द्या, आई. समद्याच दावत्यात,’’ असे म्हणून त्यांनी झोळी पुढे केली.

मी धान्य घालत असताना मागून, खिडकीच्या गजांमधून, अगदी बारीक आवाज आला, ‘‘आजी, आज त्यांच्या झोळीत काय काय आहे?’’

वासुदेवांनी तो ऐकला. त्यांनी खिडकीकडे न पाहता झोळीचे तोंड रुंद करून माझ्यासमोर धरले, आणि मी आत डोकावून एकेक जिन्नस मोठ्याने सांगू लागले.